कडावचा इलेक्ट्रिशियन आणि जर्मनीतली निळी तार

कर्जतहून मुरबाड रस्त्याला लागलं की कडाव येतं. बालदिगंबर गणेशाचं देऊळ, बाजारपेठ आणि भोवती भाताची खाचरं. या पट्ट्यात वीज फार लवकर जन्माला आली. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. इथल्या एखाद्या मुलाने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, चार वर्षं फिटिंगची कामं घेतली आणि मग त्याला जर्मनीत काम करावंसं वाटलं, तर पुढे काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे.

पहिली गंमत विजेचीच. कडावच्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातल्या घरातलीही तेवढीच. टेस्टर, क्रिम्पिंग, अर्थिंग, ओहमचा नियम, सगळं तेच. पण बोर्ड उघडला की रंग बदलतात. आपल्याकडे थ्री फेजच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी या फेजच्या तारा आणि काळी न्यूट्रल, ही रीत वर्षानुवर्षांची. जर्मनीत तपकिरी, काळी, करडी या फेजच्या आणि निळी न्यूट्रल. म्हणजे निळी आणि काळी यांनी चक्क जागा बदलल्या आहेत! आपल्या सवयीने काळ्या तारेला निर्धास्त हात लावणारा तिथे जिवाला मुकू शकतो. हातातलं कौशल्य खरं असूनही परका देश ते आधी तपासून का घेतो, याचं याहून स्पष्ट उत्तर मला तरी ठाऊक नाही.

ही तपासणी कशी होते, ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. जर्मनीत २०१२ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. इलेक्ट्रिशियनचा अर्ज तिथल्या कारागिरांच्या चेंबरकडे जातो. ते तुमचा अभ्यासक्रम आणि त्यांचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून विषयवार ताडून पाहतात. आपला ट्रेड दोन वर्षांचा, त्यांच्याकडचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं. साहजिकच कमी पडतं. पण कायदा तिथेच थांबत नाही. शिकताना जे राहून गेलं ते तुम्ही नंतर कामावर शिकलात, असं दाखवता आलं तर ती वर्षंही हिशेबात धरली जातात. तरी काही उरलं तर पूर्ण नकार मिळत नाही. अंशतः मान्यता मिळते आणि नेमकं काय शिकायचं बाकी आहे, ते लिहून मिळतं. स्वतःच्या दोषाविना कागद गहाळ झाले असतील तर तज्ज्ञांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचीही सोय आहे. कारागिराचा हाच सन्मान मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे घोडं अडतं ते अनुभवाच्या दाखल्यापाशी. कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली पाच वर्षं राबलेल्या मुलाकडे अनेकदा एका ओळीचाही कागद नसतो. बाहेर जायचं मनात असो वा नसो, कोणतं काम, किती महिने, कुठल्या साइटवर, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावं.

अंशतः मान्यता हाती आली की पुढे वाटा दोन. जून २०२४ पासून जर्मनीने 'शान्सनकार्टे' म्हणजे संधी-कार्ड सुरू केलं. त्यात सहा गुण लागतात. अंशतः मान्यतेचे चार आणि वय पस्तिशीच्या आत असल्याचे दोन, झाले सहा. मग वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते. मात्र त्या वर्षाच्या खर्चाचे दहा लाखांहून जास्त रुपये आधी दाखवावे लागतात, आणि शेतकऱ्याच्या घरात ते कुठून यायचे? म्हणून दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. नोकरी आधी पक्की करायची, जर्मन भाषेची ए-२ पातळी गाठायची आणि उरलेली मान्यता तिथे काम करता करता मिळवायची. ही सोय मार्च २०२४ पासूनची. त्याच्या आदल्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, आणि १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी.

तिथे पोचल्यावर घराचा पत्ता दोन आठवड्यांत नोंदवायचा, पगारातून पेन्शनचा हप्ता सुरू होतो, आणि कुशल कामगार म्हणून तीन वर्षं झाली, भाषा ए-२च्या पुढच्या बी-१ पातळीपर्यंत आली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

भाषेचं मात्र अवघड आहे. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकवतात ती प्रमाण जर्मन, आणि स्टुटगार्टच्या साइटवर मुकादम बोलतो ती श्वेबिश बोली. जर्मनीतल्याच दुसऱ्या टोकाच्या माणसाला ती चटकन कळत नाही. पण कडावकडच्या पोराला हे नवं नाही. घरी आगरी किंवा ठाकरी बोलून शाळेत पुस्तकी मराठीत उत्तरं लिहायची, हे त्याने पहिलीपासून केलेलं असतं.