बोटीची सीट शिवणारे हात

गोंदिया जिल्हा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण पाण्याची श्रीमंती दोघांचीही सारखीच राहिली. नवेगावबांधचा जुना तलाव, गाढवी नदीवरचे इटियाडोह, आमच्या देवरी तालुक्यातले बाघ नदीवरचे सिरपूर धरण ही नावे आपल्या घराघरात ठाऊक आहेत. जिथे एवढे पाणी आहे, तिथे मासेमारीची नाव असते, पर्यटकांची मोटारबोट असते आणि पूर आला की बचावाची बोटही लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा बोटीचे मोल सर्वांनाच कळले.

बोट आली की तिची सीटही आली. उन्हापावसात ती फाटते आणि ती दुरुस्त करायला माणूस शोधावा लागतो. चिचगडसारख्या बाजाराच्या गावात मोटारसायकल, ऑटो आणि ट्रॅक्टरची सीट शिवणारे हात असतातच. मग बोटीचे काम त्यांना का जमू नये? जमेल. मात्र रस्त्यावरच्या सीटचे आणि पाण्यावरच्या सीटचे नियम वेगळे आहेत. होतकरू तरुणांना उपयोग व्हावा म्हणून ते आम्ही येथे देत आहोत.

सीट सडते ती आतून

वरचे रेक्झिन फाटले म्हणून सीट खराब झाली, असे आपण समजतो. खरा रोग आत असतो. शिलाईच्या भोकांतून पाणी आत शिरते, साधा फोम ते स्पंजासारखे पिऊन घेतो, खालचे प्लायवूड फुगते, लोखंडी पिना गंजतात आणि मग रेक्झिन सुटते. म्हणून जुन्या सीटवर नुसते नवे कापड चढवणे म्हणजे ओल्या भिंतीला चुना लावणे होय. सीट पूर्ण उघडलीच पाहिजे.

खालची फळी सडली असेल तर ती बदलावी. नवी फळी घेताना साधे प्लायवूड घेऊ नये. पाण्यात टिकणारे मरीन प्लायवूड मागावे आणि त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्यावा. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश पाजावे, कारण पाणी कडेतूनच आत जाते. फळीला खालून थोडी भोके पाडावीत. आत आलेले पाणी त्यातून निथळते. पाणी येऊच नये म्हणून फोमला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळणारे कारागीर असतात. पण त्यामुळे आत शिरलेले पाणी तिथेच अडकते व सीट लवकर कुजते.

फोम दोन तऱ्हेचे चालतात. एक बंद छिद्रांचा, जो पाणी पीतच नाही, पण बसायला जरा कडक लागतो. दुसरा मोठ्या मोकळ्या छिद्रांचा, ज्यातून पाणी खाली निघून जाते. गादीचा साधा फोम स्वस्त पडतो, पण उघड्या बोटीत तो फार दिवस टिकत नाही. फोम फळीपेक्षा पाव इंच जास्त कापावा, म्हणजे कापड ताणून बसते.

शिलाई आणि ताण

रेक्झिन घेताना ते उन्हाला व बुरशीला टिकणारे आहे का, हे दुकानदाराला विचारावे. दोरा सुती नको, कारण तो कुजतो. उन्हाला टिकणारा पॉलिस्टर दोरा वापरावा. जुने कव्हर फेकू नये. त्याची शिलाई उसवून तुकडे सपाट करावेत; तोच आपला नमुना. शक्यतो शिलाई बसण्याच्या जागी येऊ देऊ नये, कडेला घ्यावी. रेक्झिन थोडा वेळ उन्हात ठेवले की मऊ पडते. ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यभागी एकेक पिन मारावी आणि मग कोपऱ्यांकडे जावे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मध्ये सुरकुती राहते. पिना स्टेनलेस स्टीलच्याच असाव्यात.

सीटखाली जीव असतो

चालकाची सीट हलती नसावी आणि तिच्यावर बसून समोरचे पाणी स्पष्ट दिसले पाहिजे. फोम जाड-पातळ झाला तर बसण्याची उंची बदलते, हे ध्यानात ठेवावे. अनेक बोटींत सीटखालच्या पेटीत जीवरक्षक जाकिटे ठेवतात. नवे कव्हर चढवताना त्या पेटीचे झाकण एका हाताने उघडेल असेच ठेवावे. पेट्रोलची टाकी सीटखाली असेल तर हवा जाण्याची वाट बुजवू नये, कारण पेट्रोलची वाफ खाली साचते. गादी फाटली म्हणून जीवरक्षक जाकिटावरच बसण्याची सवय तर फारच वाईट. दबून दबून त्यातला फोम चेपतो आणि वेळ आल्यावर ते माणसाला तारत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यात जीव गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि तिथेही माणसे दगावली. हे अपघात सीटमुळे झाले नाहीत. पण पाण्यावर मजूर असो की पर्यटक, अंगात जाकीट असेल तरच आशा असते, हे त्यातून शिकावे. सीटचे काम करणाऱ्याने बोटमालकाला जाकिटांबद्दल जरूर विचारावे.

हिशेब मांडून पाहा

समजा सीट ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि ४ इंच जाड आहे. दोन्ही बाजूंची जाडी आणि खाली दुमडायला २-२ इंच धरले, तर रुंदी ३० इंच व लांबी ६० इंच लागते. रेक्झिनचा पन्हा ५४ इंच असेल तर २४ इंचांची पट्टी उरते. त्यात १४ इंच उंच व २ इंच जाड पाठ बसते, कारण तिला २२ इंच पुरतात. म्हणजे सीट व पाठ मिळून ५ फूट कापड. आधी कागदावर मांडणी केली नाही, तर दुप्पट कापड विकत घ्यावे लागेल.

कापड, फोम, फळी, दोरा, पिना, जाण्यायेण्याचे भाडे हे सगळे आपण लिहितो. पण स्वतःची मजुरी लिहायला विसरतो. आपल्या माणसांची ही जुनी सवय आहे. घरात बहीण किंवा पत्नी मशीनवर बसली असेल तर तिचीही मजुरी वहीत लिहा. जी मजुरी लिहिली जात नाही, ती मिळतही नाही.

एका सीटमध्ये तीन धंदे

या कामात फळी कापणे आले, शिवणे आले आणि कातड्यासारखे रेक्झिन ताणून ठोकणेही आले. गावगाड्याने ही कामे सुतार, शिंपी आणि चांभार अशी जन्मावर वाटून दिली होती. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले, की आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून काम लादल्याने माणसे एकमेकांपासून तुटतात आणि बेकारीही वाढते. आज आपला एक मुलगा किंवा मुलगी ही तिन्ही कामे एकाच हाताने करू शकते. हा धंदा कोणाच्या जातीचा नाही. जो शिकेल त्याचा आहे.

भांडवलासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांना कर्ज-अनुदानाच्या योजना देते. नियम बदलत असतात. जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, दलालाला पैसे देऊ नयेत. पण त्याआधी एखाद्या कारागिराकडे सहा महिने हात बसवावा. पहिली सीट मोटारसायकलची शिवा, दुसरी ट्रॅक्टरची. काम पक्के असेल, तर बोटवाला आपला पत्ता विचारत येईल.