हात जागेवर, कोपर मोकळं!

तळहात टेबलावर टेकवा. खांदा स्थिर ठेवा. आता तळहात न हलवता कोपर बाहेर-आत झुलवून बघा. झुललं ना? ही चैन फुकटची नाही!

कुठलीही वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात धरायला 6 स्वतंत्र हालचाली पुरतात. म्हणून कारखान्यांतले बरेच रोबो-हात 6 अक्षांचेच असतात. आपल्याकडे 7 आहेत: खांद्यात 3, कोपरात 1, हात उताणा-पालथा करण्याची 1, मनगटात 2. या एका जादा हालचालीमुळेच तळहात जागेवर असताना कोपर झुलतं. अंतराळ स्थानकावरच्या ‘कॅनडार्म 2’लाही 7 सांधे आहेत.

पण माझा खरा लाडका खांदा. उथळ बशीत लिंबू ठेवावं तसा हा सांधा; मुख्यतः स्नायूंनी धरून ठेवलेला. हात डोक्यावर नेताना साधारण 120 अंश या सांध्यातून येतात, उरलेले 60 पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरून देतं. संशोधक इनमन आणि सहकाऱ्यांनी हे 2:1 प्रमाण 1944 मध्येच मांडलं.

म्हणजे हात वर जाताना खांद्याचा केंद्रबिंदूच सरकतो. अंगावर चढवायचे यांत्रिक हात बनवणाऱ्यांची झोप उडते ती इथेच. बिजागरी एका जागी पक्की केली, की यंत्र एकीकडे ओढतं आणि खांदा दुसरीकडे!