चिपसेटचा कूलर: गरम लागतो की गार?

गटाची नोंदवही आता बहुतेक ठिकाणी संगणकात गेली आहे. आज त्या संगणकातल्या एका लहानशा भागाबद्दल बोलायचं आहे. कारण ऐन मार्चअखेरीला याच भागानं आमच्या चौदा गटांचे हिशोब अडवून धरले होते, आणि बँकेला कर्जाचे कागद द्यायचे होते.

आमचा संगणक जुना, वापरलेला घेतलेला. सुरू केला की अर्धा तास नीट चाले. मग माऊस अडखळे, पेनड्राइव्हवर फाईल जाता जाता थांबे आणि शेवटी पडदा जागच्या जागी गोठे. सकाळी कमी, दुपारी जास्त. दुरुस्तीवाल्यानं उभ्या उभ्या सांगितलं, "मदरबोर्ड गेला, नवा टाका." नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम चालणार नव्हती. म्हणजे एखाद्या बाईच्या शिलाई मशीनच्या कर्जाएवढा खर्च. आम्ही म्हटलं, आधी उघडून तर पाहू. गटातल्या एका ताईंची लेक आयटीआयमध्ये हार्डवेअर शिकलेली आहे, तिला बोलावलं.

लग्नघरात आचारी वेगळा आणि वाढपी वेगळे, तसं संगणकातही असतं. प्रोसेसर हा आचारी. माऊस, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, इंटरनेट यांच्याशी देवाणघेवाण सांभाळणारी चिप वेगळी, तिला चिपसेट म्हणतात. जुन्या बोर्डांवर अशा दोन चिपा असत, आता बहुधा एकच असते. काम करताना तीही तापते. प्रोसेसरइतकी नाही, म्हणून बऱ्याच बोर्डांवर तिच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, तेवढा पुरतो. काही बोर्डांवर मात्र जेमतेम ४० मिलिमीटरचा पंखाही असतो. २००५ च्या सुमाराच्या बऱ्याच बोर्डांवर तो होता, आणि २०१९ मध्ये एएमडीच्या एक्स५७० चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर पुन्हा आला. हा चिमुकला पंखा जोरात फिरतो, धूळ खातो, त्याचं बेअरिंग सुकतं आणि तो किरकिरू लागतो. मग लोक तो काढून बाजारातला मोठा कूलर बसवतात. आमच्या संगणकावर आधीच्या मालकानं तेच केलं होतं.

अशा कूलरमध्ये दोष कुठे आहे, हे त्याला हात लावूनच बरंचसं कळतं. झाकण उघडून संगणक वीस मिनिटं चालू ठेवायचा आणि हीटसिंकला हलकेच बोट लावायचं, पंख्याला नाही. धातूच्या बांगड्या आधी काढून ठेवायच्या आणि मंगळसूत्र पदराआड खोचायचं. बोर्डावर धातू टेकला तर जागेवर शॉर्ट होतो. बोट दोन सेकंदही टिकत नसेल, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत येते आहे पण पुढे हवेत जात नाही. पंखा थांबलाय का, पात्यांत धूळ बसली आहे का, वरच्या ग्राफिक्स कार्डाची गरम हवा त्यावर येते का, हे बघायचं.

आमचा हीटसिंक मात्र जेमतेम कोमट होता. ऐकून बरं वाटतं, पण इथंच फसायला होतं. बायोसमध्ये चिपसेटचं तापमान ९० अंशांच्या पुढे दिसत होतं. (सगळ्याच बोर्डांवर हा आकडा दिसत नाही.) चिप भाजते आहे आणि वरचा हीटसिंक गार, याचा अर्थ दोघांचा एकमेकांना नीट स्पर्शच नाही. तव्याखाली गॅस पेटलेला आणि तवा हातभर उंच धरलेला, तसं.

मग त्या मुलीनं संगणक आडवा निजवला आणि पुन्हा चालू केला. तासभर काही झालं नाही. उभ्या डब्यात बोर्डही उभा असतो, आणि भारी कूलर बाजूला लोंबून चिपपासून सुटतो. आडवा केला की वजन चिपवर येतं. या एका चाचणीनं नव्या बोर्डाचा खर्च टळला.

पुढचं काम संगणक बंद करून, प्लग काढून, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवून करायचं. त्याआधी हिशोबाची फाईल दुसरीकडे उतरवून घ्यायची. कूलर स्प्रिंगच्या दोन प्लॅस्टिक खुंट्यांवर बसवलेला होता, त्यातली एक पुरती अडकलीच नव्हती. खालची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडानं पुसली. सुरीनं खरवडायची नाही, चिपवर ओरखडा जातो. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी. पेस्टीचं काम फक्त बारीक फटी भरायचं आहे, जास्त थापली तर उष्णता उलट अडते. जुन्या कूलरखाली जाड पॅड असेल, तर तिथं नुसती पेस्ट पुरत नाही, त्याच जाडीचा पॅड घालावा लागतो. दोन्ही खुंट्या थोड्या थोड्या, आळीपाळीनं दाबायच्या. एकच बाजू जोरात दाबली तर उघड्या चिपचा कोपरा उडू शकतो, आणि मग खरंच बोर्ड जातो.

पेस्टची नळी दोनशे रुपयांच्या आत मिळाली. हिशोब त्याच दुपारी पूर्ण झाले.

एक तक्रार उरली होती. सुरू करताना "पंखा बंद आहे" अशी सूचना येई, पंखा तर छान फिरत होता. बोर्डावरच्या पंख्याला सहसा तीन तारा असतात. दोन विजेच्या, आणि तिसरी मिनिटाला किती फेरे झाले ते बोर्डाला कळवणारी. बाजारातल्या आमच्या पंख्याला दोनच तारा आहेत, त्यामुळे बोर्डाच्या लेखी तो थांबलेलाच. अशा वेळी बायोसमध्ये त्या पंख्यावरची नजर बंद करता येते. पण मग तो खरंच थांबला तरी संगणक काही बोलणार नाही. म्हणून आम्ही दर महिन्याला बैठकीच्या दिवशी झाकण काढून पंखा फिरतो का ते बघतो, आणि मऊ ब्रशनं धूळ झाडतो.