छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर : नेमकं किती ओझं पेलतं? घेण्याआधी हा हिशेब बघा

हैदराबाद : मुंबई महामार्गाने हैदराबादहून जहीराबादला गेलं की महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना लागतो. २०१३ पासून तो सुरू आहे. १५ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झालेली 'ओजा' ही २० ते ४० एचपीच्या हलक्या ट्रॅक्टरांची मालिका याच कारखान्यात तयार होते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मोईनाबाद, शंकरपल्ली, चेवेल्ला भागातले फार्महाऊसवाले असोत की देगलूर-उदगीरकडचे बागायतदार, छोट्या ट्रॅक्टरची चौकशी सगळीकडेच होते. त्यातच "पुढे लोडर बसवला की जेसीबी बोलवायला नको" असंही ऐकायला मिळतं. हे कितपत खरं?

उत्तर थोडक्यात असं : गोठ्यातलं, बागेतलं, रोजचं काम होतं. खोदाई होत नाही.

पहिली गल्लत आकड्याची

माहितीपत्रकात 'लिफ्ट क्षमता' म्हणून जो आकडा असतो, तो बहुतेक वेळा मागच्या हायड्रॉलिकचा असतो. म्हणजे रोटाव्हेटर, नांगर उचलायची ताकद. पुढच्या लोडरचा त्याच्याशी संबंध नाही. लोडरची क्षमता वेगळी असते, आणि तीही बऱ्याचदा बकेट जिथे जोडली जाते त्या पिनेवर मोजलेली असते. ओझं असतं त्याच्या पुढे, बकेटमध्ये. त्यात बकेटचं स्वतःचं वजन. शिवाय हात पूर्ण वर गेल्यावर ताकद आणखी घटते. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा : "बकेटच्या मध्यावर, पूर्ण उंचीला किती किलो?" आणि उत्तर लेखी घ्यायचं.

बकेटमध्ये काय भरलंय, त्यावर सगळं

समजा बकेट ०.२ घनमीटरची आहे. तिच्यात कुजलेलं कोरडं शेणखत साधारण १२० किलो बसतं, ओलं शेण १८०-२०० किलो. सुकी मोकळी माती २५० च्या पुढे, ओली काळी माती ३४० च्या आसपास आणि ओली वाळू ३८० किलोपर्यंत जाते. म्हणजे बकेट तीच, पण ओझं तिप्पट. शेणखताला जो ट्रॅक्टर हसत चालतो, तोच ओल्या वाळूला पुढून दबतो आणि मागून उचलला जातो.

दगडाचंही तसंच. हैदराबादच्या परिसरात ग्रॅनाइटचे गोटे जमिनीतून वर आलेले असतात. दीड फूट व्यासाचा गोल गोटा साधारण १३० किलोचा. अडीच फुटांचा झाला की तोच ६०० किलोच्या वर जातो. डोळ्याला फरक थोडा दिसतो, लोडरला तो झेपत नाही.

खोदाई का नको?

जेसीबीसारखं बॅकहो लोडर यंत्र साडेसात टनांच्या आसपास असतं. छोटा ट्रॅक्टर कसाबसा एक टन. खोदताना जमिनीत घुसायला यंत्राचं वजनच लागतं. घट्ट मुरूम किंवा वाळलेली काळी जमीन फोडायला गेलं, की चाकं जागेवर फिरतात, नाहीतर लोडरचे हात आणि पुढचा ॲक्सल ताण खातो. आधी मागच्या अवजाराने जमीन मोकळी करायची, मग ती माती लोडरने उचलायची, ही रीत चालते. विहिरीचा गाळ, शेततळं, पाया ही कामं जेसीबीचीच.

पैशाचा हिशेब

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ०.२ च्या बकेटने ते उचलायला १४-१५ फेऱ्या लागतात. जेसीबीची पुढची बकेट साधारण एक घनमीटरची, तिला तीन. म्हणजे जेसीबीच्या एका तासाचं काम इथे पाच तासांचं धरा. ताशी अडीच लिटर डिझेल आणि ९५ रुपये दर धरला, तर पाच तासांचं डिझेलच १,१९० रुपयांचं होतं. जेसीबीचं भाडं ताशी १,२०० धरलं तर बचत उरली १० रुपये. त्यातून चालकाची मजुरी आणि लोडरचा हप्ता कुठून निघणार? आपल्या गावचे दर टाकून हा हिशेब प्रत्येकाने करावा.

फायदा कुठे? रोजच्या अर्ध्या तासाच्या कामात. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर नेणं, वैरणीचे गठ्ठे हलवणं, बागेत खत पोचवणं. एवढ्याशा कामाला जेसीबी येतच नाही, आणि मजूर रोज मिळत नाही. दहा-पंधरा जनावरं असतील तर लोडरला काम आहे. वर्षातून दोनदा बांध नीट करायचा असेल, तर भाड्याचं यंत्र परवडतं.

जीव जपायचा तर

▪ फोर व्हील ड्राइव्ह असलेलाच ट्रॅक्टर घ्या. पुढचं ओझं टू व्हीलच्या पुढच्या ॲक्सलला सोसत नाही.

▪ मागे रोटाव्हेटर किंवा वजनाची पेटी जोडल्याशिवाय लोडर चालवू नका. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. ती चाकं हलकी झाली की उतारावर ब्रेक लागूनही ट्रॅक्टर घसरतो.

▪ भरलेली बकेट जमिनीपासून फूटभरच वर ठेवून चाला. वर उचलून वळलात तर पलटीचा धोका.

▪ उचललेल्या बकेटखाली कुणी उभं राहू नये. बकेटमध्ये माणूस तर कधीच बसवू नका.

▪ स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला लोडर स्वस्त पडतो. पण तो त्या मॉडेलला चालतो का आणि वॉरंटी राहते का, हे ट्रॅक्टर कंपनीच्या डीलरकडून लेखी घ्या.

शेवटी, सौदा करण्याआधी शोरूमच्या अंगणात नाही, तर आपल्या गोठ्यात, आपल्या ओल्या शेणावर आणि आपल्या उतारावर तासभर चालवून बघा. तिथे मागचं चाक जमिनीला धरून राहिलं, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.