दाजींची नियमावली

गोल्फ हा श्रीमंतांचा, साहेबांचा आणि निवृत्तांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पहिल्या दोहोंविषयी वाद घालता येईल. तिसऱ्याविषयी मला तरी घालता येणार नाही. बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. आमचे थोरले मेहुणे, म्हणजे दाजी, त्याच शहरात राहतात आणि साठीनंतर या खेळाच्या नादी लागले. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत व त्यांचे तिन्ही सोबती त्याच सुमाराचे.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. म्हणून सारी भानगड मोजण्यात. या चौघांनी त्यावर स्वतःपुरती एक नियमावली केली आहे. जो चेंडू कोठे पडला हे चौघांपैकी कोणालाच दिसले नाही, तो हरवला असे न मानता चांगल्या जागी पडला असे मानावे, हा नियम पहिला. नातवंडांच्या लग्नाची बोलणी चालू असता मारलेला फटका मोजू नये. फटक्यांचा आकडा आठवत नसल्यास लहान आकडा लिहावा. हरकत असणाऱ्याने स्मरणशक्ती शाबूत असलेला साक्षीदार हजर करावा. जो खाली वाकला असेल त्याने वर येण्यापूर्वी 'आणखी कोणाचे काही उचलायचे आहे काय?' असे विचारावे.

शुद्धतावादी नाक मुरडतील. परंतु या खेळाचे नियम मुळातच माणसाची अडचण पाहून घडत आले आहेत. एडिंबरोजवळच्या लीथ येथे १७४४ साली पहिले १३ नियम लिहिले गेले, त्यांत माणूस, घोडा किंवा कुत्रा यांनी चेंडू अडवल्यास काय करावे याची तरतूद आहे. १९४० साली लंडनवर बाँब पडत असता रिचमंडच्या क्लबाने तात्पुरते नियम काढले. बाँब पडत असल्यास खेळ थांबवून आडोसा घेण्यास दंड नाही. मात्र ऐन फटक्याच्या वेळी स्फोट होऊन नेम चुकला, तर दुसरा चेंडू मारावा आणि एका फटक्याचा दंड भरावा! इंग्रजांची ही काटेकोर वृत्ती दाजींना फार आवडते.

२०१९ साली तर अधिकृत नियमच वृद्धांच्या बाजूने बरेच झुकले. चेंडू खाली सोडताना पूर्वी हात खांद्याच्या उंचीवर धरावा लागे, तो आता गुडघ्याच्या उंचीवर. थरथरत्या हातामुळे काठी एकाच फटक्यात चेंडूला दोनदा लागली तरी दंड नाही. झेंड्याचा दांडा उपसा, आडवा ठेवा, पुन्हा वाकून उचला, ही कवाईतही ऐच्छिक झाली. एका बाबतीत मात्र नियमकर्ते निष्ठुर ठरले: चेंडू शोधण्यास ५ मिनिटे मिळत, ती ३ झाली.

आणि दाजींना नेमके तेच नडले. काचबिंदूने त्यांची नजर दोन वर्षांत फार अधू झाली. चेंडू शोधण्यात आपण इतरांचा खोळंबा करतो, हे त्यांच्या मनाने घेतले. एके दिवशी त्यांनी काठ्या पुसून ताईला सांगितले, "या भाच्याला देऊन टाक." ताईने मला बोलावून घेतले, कारण दाजी आता सकाळी खिडकीशी नुसते बसून राहत.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिघे मित्र दारात हजर! त्यांतील एकाने नियमपुस्तकच आणले होते. २०२३ पासून त्यात पंचविसावा नियम आला आहे; त्यानुसार अंध खेळाडूस नेम धरण्यासाठी साहाय्यकाची मदत घेता येते.

"मी अंध नाही," दाजी कडाडले.

"नाही ना? मग आमच्या नियमावलीत घालू," मित्र म्हणाले, "ज्याला दिसते त्याने दाखवावे."

मीही बरोबर गेलो. एकाने दाजींचे खांदे धरून त्यांना किंचित उजवीकडे वळवले. काठी फिरली, आवाज नेमका आला.

"कुठे गेला?" दाजींनी विचारले.

"सरळ," तिघे एकदम म्हणाले.

मी डावीकडच्या बाभळीच्या झुडपाकडे पाहत होतो. तिघांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले. मला पहिला नियम आठवला.

"अगदी सरळ, दाजी," मी म्हणालो.