शून्यानं गुणलं तरी उरणारी चूक

एक कोरी एक्सेल शीट उघडा. ए१ या सेलमध्ये =७/० असं लिहून एंटर दाबा. #डिव्ह/०! अशी एरर येईल. शून्यानं भागता येत नाही हे शाळेतच शिकलोय, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. बी१ मध्ये =ए१+५ लिहा. पुन्हा तीच एरर. आता सी१ मध्ये =बी१*० लिहा. कशालाही शून्यानं गुणलं की शून्य, हा नियम तरी इथं चालेल ना? नाही! सी१ मध्येही #डिव्ह/०! जशीच्या तशी. अख्ख्या अंकगणिताला गिळणारं शून्य तिला मात्र गिळू शकत नाही.

असं का व्हावं? कारण एक्सेलच्या लेखी ती एरर म्हणजे बंद पडलेला हिशेब नव्हे, ते एक उत्तर आहे. सेलमध्ये संख्या असू शकते, मजकूर असू शकतो, तारीख असू शकते, तशीच एररसुद्धा असू शकते. आणि तिचा नियम एकच: मला ज्या गणितात घ्याल, त्याचं उत्तर मीच. ही कल्पना थेट स्प्रेडशीटच्या पहिल्या पिढीतली आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट तयार केलं, तेव्हाच त्यात सेलमध्ये मुद्दाम ‘एरर’ किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं भरण्यासाठी वेगळी फंक्शन्स होती. एवढ्याशा मेमरीच्या त्या संगणकातही ‘मला ठाऊक नाही’ या उत्तरासाठी जागा राखून ठेवली होती!

ही व्यवस्था नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा. भागाकार जमला नाही म्हणून एक्सेलनं गुपचूप शून्य धरलं असतं. ते शून्य सरासरीत मिसळलं असतं, सरासरी अंदाजपत्रकात गेली असती आणि शेवटी एक नीटनेटका आकडा साहेबांच्या टेबलावर पोचला असता. चुकीचा, पण कुणालाही शंका न येणारा. तळाच्या बेरजेत एरर दिसली की आपण वैतागतो. खरं तर शंभर सेल वर घडलेली गडबड तिनं वाटेत कुठंही सांडू न देता आपल्यापर्यंत आणून पोचवलेली असते.

म्हणूनच ती शोधण्याची रीतही सोपी होते. शेतात पाटाचं पाणी गढूळ यायला लागलं तर आपण वाफ्यात उभं राहून ते गाळत बसत नाही. पाटाच्या कडेनं वर चालत जातो. जिथं वरच्या अंगाला पाणी नितळ आणि खालच्या अंगाला गढूळ, तिथंच काहीतरी ढासळलेलं असतं. शीटमध्येही तसंच वर चालायचं. ज्या सेलमध्ये एरर आहे, पण त्याला माल पुरवणारे सगळे सेल ठीक आहेत, तो सेल म्हणजे उगम. एक्सेलच्या ‘फॉर्म्युलाज’ टॅबमधलं ‘ट्रेस एरर’ हाच रस्ता बाणांनी काढून दाखवतं. लांबलचक फॉर्म्युला असेल तर त्याचा एखादाच तुकडा सिलेक्ट करून एफ९ दाबा. तेवढ्याच तुकड्याचं उत्तर तिथल्या तिथं उघडं पडतं! पाहून झालं की एस्केप दाबायचं; एंटर दाबलं तर फॉर्म्युल्याच्या त्या तुकड्याजागी उत्तर कायमचं चिकटून बसतं.

आणखी कमाल म्हणजे, एरर स्वतःचं कारणही बरोबर घेऊन येते. #नेम? म्हणजे तुम्ही लिहिलेलं नाव मला ओळखीचं नाही. बहुधा फंक्शनचं स्पेलिंग चुकलंय. #एन/ए म्हणजे शोधायला सांगितलं ते यादीत सापडलं नाही. #नम! म्हणजे संख्या माझ्या आवाक्याबाहेरची. १७० चा फॅक्टोरियल एक्सेल काढून देतं, १७१ चा मागितला की #नम!, कारण तिथं संख्या मावण्याची हद्दच संपते.

#रेफ! ची गोष्ट त्याहून सुरस. शीटमध्ये मध्येच एक ओळ घातली तर तिच्या खालच्या सेलवर अवलंबून असलेले सगळे फॉर्म्युले आपापले पत्ते आपणहून बदलून घेतात, हे कधी लक्षात आलंय? ए१० चं ए११ होतं आणि आपल्याला कळतही नाही. पण ज्या कॉलमवर फॉर्म्युला अवलंबून होता तो कॉलमच तुम्ही काढून टाकलात, तर नवा पत्ता आणायचा कुठून? मग फॉर्म्युल्याच्या आत, बरोबर त्या हरवलेल्या पत्त्याच्या जागी, #रेफ! लिहिलं जातं. तेव्हा लगेच कंट्रोल-झेड दाबावं. उशीर झाला तर तो जुना पत्ता फॉर्म्युल्यात कुठंच उरलेला नसतो.

आणि #नल! तर क्वचितच भेटते, पण तिचं कारण ऐकून थक्क व्हायला होतं. एक्सेलच्या फॉर्म्युल्यात दोन रेंजमधली मोकळी जागासुद्धा एक क्रिया आहे! अधिक-उणेसारखीच. तिचा अर्थ, ‘या दोन रेंज जिथं एकमेकींना छेदतात तो भाग दे’. स्वल्पविराम द्यायचा राहून नुसती स्पेस पडली आणि त्या रेंज कुठंच छेदत नसल्या, की उत्तर #नल!. आपण काहीच लिहिलं नाही असं आपल्याला वाटतं. एक्सेलनं ते ‘काहीच नाही’सुद्धा वाचलेलं असतं.

इथवरच्या सगळ्या चुका बोलक्या आहेत. खरी भीती मुक्यांची. एका सेलमध्ये १२०० हा आकडा मजकूर म्हणून पडलाय, शेजारच्या सेलमध्ये ३०० ही खरीखुरी संख्या आहे. अधिक चिन्हानं बेरीज करा: १५००. आता त्याच दोन सेलची रेंज देऊन सम फंक्शननं करा: ३००! अधिक चिन्ह मजकुराला संख्या करून घेतं, सम मजकूर दिसला की त्याला वगळून पुढं जातं. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर, आणि एररचा मागमूस नाही. अलाइनमेंट बदललेली नसेल तर एक सुगावा मिळतो: संख्या सेलच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डाव्या.

अशा मुक्या चुकीनं किती दूर मजल मारावी? अमेरिकन अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० सालचा निबंध सांगत होता की सरकारी कर्ज देशाच्या जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढं गेलं की आर्थिक वाढ खुंटते. सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का. सरकारी खर्चात कपात करावी असं म्हणणाऱ्यांनी त्याचा जोरदार आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी तेच आकडे पुन्हा काढायला बसला, तर जुळेनात. त्यानं लेखकांकडून मूळ शीट मागवली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात ओळ ३० ते ४९ हवी होती, रेंज ४४ वरच थांबली होती. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गळले होते. काही वर्षांची आकडेवारी वगळण्याचा आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीचा परिणाम याहून मोठा होता. ते सगळं सुधारून त्यानं आपल्या दोन प्राध्यापकांसह २०१३ साली मांडलेला दर होता अधिक २.२ टक्के.

त्या सेलमध्ये ना हॅश होता, ना उद्गारचिन्ह. पाच ओळी कमी असलेली सरासरी हीसुद्धा एक्सेलच्या दृष्टीनं निर्दोष सरासरीच! रेंज पुरेशी आहे की नाही, हे ठरवणं फॉर्म्युल्याच्या हातात नसतं, लिहिणाऱ्याच्या असतं.

म्हणून एररच्या जागी आपण सांगू ते दाखवणारं इफएरर हे फंक्शन जपून वापरावं. यादीत नाव नसणं अपेक्षितच असेल तिथं ते शोभतं. पण शीट देखणी दिसावी म्हणून सगळ्या एररच्या जागी शून्य भरलं, तर बोलक्या चुका आपणच मुक्या करतो. त्यापेक्षा महत्त्वाच्या प्रत्येक बेरजेशेजारी एक छोटा सेल ठेवा आणि त्यात ‘रोज’ (ROWS) या फंक्शननं, रेंजमध्ये नेमक्या किती ओळी आल्या ते मोजा. वीस देशांच्या सरासरीशेजारी ‘१५’ असं लिहिलेलं असतं, तर ते पाच देश पहिल्याच दिवशी सापडले असते.