घराचा पाया खणण्याआधी



पावस गेला की घरांची कामं निघतात. यंदाही काहीजण ऑफिसात विचारायला आले, कर्ज किती मिळेल? आम्ही उलट विचारतो, जागा भरतीरेषेपासून किती लांब आहे?

सीआरझेडच्या २०११च्या अधिसूचनेप्रमाणे गावातल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी होती. त्यातल्या १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात आपल्या पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना राहतं घर बांधता येत होतं, पण परवानगी घेऊनच. उंची ९ मीटरपर्यंत, तळमजला आणि वर एकच मजला, अशी अट होती. भरतीरेषा सरकारी नकाशावरची धरतात, आपण वाळूत बघतो ती खूण चालत नाही. म्हणून सर्व्हे नंबर घेऊन आधी चौकशी करा. नुसत्या पंचायतीच्या भरवशावर राहू नका. आमच्या एका सभासदाने होडीवर कर्ज काढून जोत्यापर्यंत काम आणलं, मग नोटीस आली. काम बंद, हप्ते चालूच.

एक-चौदाचा उताराही काढा. जागा अजून आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची संमती लागेल. गोव्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणीचाही वाटा असतो, हे भाऊ सोयीने विसरतात!

मेस्त्री त्यानंतर. काँक्रीटला खाऱ्या विहिरीचं पाणी अजिबात नको, आतलं लोखंड गंजून स्लॅब फुटतो. जाळी, इंजिन, बर्फाची पेटी कुठे ठेवणार तेही नकाशातच दाखवा.

कर्जाच्या अर्जाआधी उतारा आणि जागेचा नकाशा घेऊन ऑफिसात या, बसून बघू.